सरांचा अनकाईचा प्रश्न

स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने ‘शाळेतली अविस्मरणीय आठवण’ असा विषय दिला होता. आठवणी पुष्कळ आहेत, पण त्या इतर जण लिहितीलच. माझ्या नावावर शाळेतला एक गृहपाठ अजून बाकी आहे, तो पूर्ण करून पाठवते. इयत्ता नववी, विषय इतिहास, गुण पाच. तीस वर्षं उशीर झाला आहे, तेव्हा सरांनी काय कापायचे ते गुण कापावेत.

आपल्या बॅचची सहल वेरूळला जायची ठरली होती हे तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी पावसाने दगा दिला, कांदा हातचा गेला आणि निम्म्या घरांतून सहलीचे पैसे आलेच नाहीत. इतिहासाच्या सरांनी मग परस्पर निर्णय घेऊन टाकला. “वेरूळ राहू द्या. आपली लेणी आपल्या तालुक्यात आहेत, आपला किल्लाही आहे. पॅसेंजरने जाऊ, भाकरी घरची आणा.” येवला स्टेशनावरून सकाळची गाडी, पुढे अनकाई स्टेशन, तिथून पायी. ज्यांना वेरूळच पाहिजे होतं ते (त्यात मी होते) गाडीत तोंड फुगवून बसले होते.

अनकाई-टनकाई आपण लहानपणापासून लांबूनच बघतो. मनमाडला जाताना एसटीच्या खिडकीतून ते दोन डोंगर दिसतात, एकमेकांना खेटून, मध्ये खिंड. गावातून निघालं की आधी टनकाईच्या अंगाला जैन लेणी लागतात. अकराव्या-बाराव्या शतकातली. आकाराने लहान, पण नक्षी अशी दाट की वेरूळचं दुःख तिथेच निम्मं कमी झालं. पहिलं लेणं दुमजली आहे. पुढच्या एका लेण्यात इंद्र आणि अंबिका समोरासमोर आहेत आणि छतावर दगडाची कमळं फुललेली आहेत. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० साली भारतातल्या लेण्यांवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात आपल्या या लेण्यांचं वर्णन आहे, हे सरांनी तिथे उभं राहून सांगितलं होतं. आम्ही मात्र वानरांकडे बघत होतो, कारण वानरं आमच्या भाकरीकडे बघत होती.

लेण्यांवरून वाट खिंडीत चढते. खिंडीत आलं की वारा अंगावर येतो. एका हाताला टनकाई, दुसऱ्या हाताला अनकाई. अनकाईकडे वळलं की एकामागून एक दरवाजे, मग कातळात खोदलेल्या पायऱ्या. चढ फार नाही. नववीतल्या पोरांना तास-सव्वातास, आपल्या आताच्या गुडघ्यांना दीड-दोन तास. वर अगस्ती ऋषींच्या नावाची गुहा आहे, तळं आहे, तळ्याच्या मध्यभागी समाधी आहे, आणि पठाराच्या पार टोकाला वाड्याच्या पडक्या भिंती. त्या भिंतींच्या सावलीत आपण शिदोऱ्या सोडल्या होत्या. जेवण झाल्यावर सरांनी पायऱ्यांच्या वाटेकडे बोट दाखवलं.

“ही वाट बघून आलात ना? वरून चार माणसांनी धोंडे सोडले तर खालून चारशे वर येऊ शकतील का?”

“नाही सर.”

“मग १८१८ साली इंग्रज आले तेव्हा हा किल्ला एकही गोळी न झाडता त्यांच्या ताब्यात गेला. का?”

सगळे गप्प. मला गप्प बसायची सवय नव्हती. मी ताडकन उठून म्हणाले, “किल्लेदार घाबरट होता, सर.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. “असेल,” ते म्हणाले, “पण तू त्याच्या जागी नव्हतीस. का दिला ते लिहून आणा. सगळ्यांनी. पाच गुण.”

मी लिहून नेलं नाही. पुढच्या आठवड्यात घटक चाचणी होती, सरांनीही विचारलं नाही, आणि प्रश्न तिथेच राहिला. दहावी, बारावी, इंजिनीअरिंग, पुण्यात नोकरी. इतिहास असा सुटला की पुन्हा हातात आला तो परवा परवा.

तो कसा आला हे सांगितलं नाही तर लेख अर्धा राहील. मागच्या वर्षी आमच्या कंपनीने माझा विभाग बंद करायचं ठरवलं. मी त्या विभागाची प्रमुख. अकरा माणसं माझ्या हाताखाली, त्यातली काही माझ्याबरोबर आठ-आठ वर्षं. वरून निर्णय झालेला होता. ज्यांच्याशी भांडायचं ते वरिष्ठ स्वतःच दुसरीकडे निघून गेले होते. मला एक यादी आणि एक तारीख दिली गेली. मी भांडले नाही. सगळे पासवर्ड, सगळी कागदपत्रं नीट लावून दिली, अकरा जणांना अकरा वेळा तेच वाक्य सांगितलं, आणि संध्याकाळी गाडीत बसल्यावर कोणताही संबंध नसताना मला अनकाईचा किल्लेदार आठवला. नववीतल्या मुलीचा ठसठशीत आवाज आठवला: घाबरट होता, सर.

त्या एप्रिलमध्ये येवल्याला माहेरी आले होते. लेकीला घेऊन अनकाईला गेले. लेक आता नववीत आहे, हा योगायोग. एप्रिल मी मुद्दाम निवडला, कारण मॅकडॉवेलची फौज अनकाईखाली आली ती एप्रिलच्या सुरुवातीला. खरं तर हा डोंगर चढायचा तो पावसाळ्यानंतर. भाद्रपद-आश्विनात गवत हिरवं असतं, तळं भरलेलं असतं, आणि फोटो असे येतात की हा आपला कोरडा, टँकरची वाट बघणारा तालुका आहे यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. एप्रिलमध्ये गवत वाळून पांढरं पडलेलं, कातळ तापलेला, सावली फक्त दरवाजांच्या कमानीखाली. आम्ही सहाला निघालो, तरी परतताना लेकीचे कान लाल झाले होते.

पण एक गोष्ट एप्रिलमध्येच कळते. वर पाणी होतं. तळं आटलेलं, हिरवट, पण होतं, आणि कातळात खोदलेल्या टाक्यांतही होतं. खाली गावागावांत हंडे रांगेत आणि इथे डोंगरमाथ्यावर पाणी. कातळाच्या टाक्यात साठलेलं पाणी झिरपून जात नाही, आणि टाकं खोल असलं की उन्हाळा निघतो. आपल्या भागातले किल्ले टिकायचे ते तोफांच्या आधी या टाक्यांच्या जोरावर. म्हणजे ‘पाणी संपलं म्हणून दिला’ हे उत्तर मी तिथेच खोडलं.

दुसरं कळलं ते खाली बघताना. अनकाई-टनकाई ही सातमाळा रांगेची पूर्वेकडची टोकं. पश्चिमेला नजर टाकली की चांदवडकडचे डोंगर एकामागे एक दिसतात, इंद्राई, राजधेर त्याच बाजूला. उत्तरेला मनमाडजवळचा तो अंगठ्यासारखा सुळका, आपण ज्याला हडबीची शेंडी म्हणतो. दक्षिणेला सपाट माळ, येवला, त्यापलीकडे गोदावरीचं खोरं. खानदेशातून गोदावरीकडे उतरायचं तर या डोंगरांच्या जवळून जावं लागतं. सुरतेहून औरंगाबादला जाणारा रस्ताही असाच जाई. १६६६ च्या सुमारास आलेल्या थेवेनो या फ्रेंच प्रवाशाने त्या वाटेवरचा मुक्काम म्हणून अनकाईचं नाव नोंदवलं आहे. त्याच्या तीस वर्षं आधी, १६३५ साली, शहाजहानच्या फौजांनी हे दोन्ही किल्ले घेतले होते. पुढे १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे झाली, तिनेही हीच फट शोधली. आपण ज्या पॅसेंजरमधून तोंड फुगवून गेलो ती त्याच रुळांवरून. ज्याच्या हाती अनकाई, त्याच्या नजरेखाली हा सगळा रस्ता. असा किल्ला कुणी सहज सोडत नाही.

घरी आल्यावर रात्री वाचायला बसले. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर आता संगणकावर मिळतं, बाकीची पुस्तकंही मिळतात. आम्हा संगणकवाल्यांची एक सवय असते: काही बिघडलं की ते ज्या क्षणी बिघडलं तिथे बघायचं नाही, त्याच्या मागच्या नोंदी काढायच्या आणि तारखा ओळीने लावायच्या. मी तेच केलं.

५ नोव्हेंबर १८१७, खडकीची लढाई. १७ नोव्हेंबरला पुणं इंग्रजांच्या हातात. बाजीराव पळतीवर. २१ डिसेंबरला महिदपूरला होळकरांचा पराभव. हे आपल्या बाजूला फार महत्त्वाचं, कारण चांदवड होळकरांचं. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला मुलूख लिहून दिला. चांदवडच्या माणसांना न विचारता चांदवड गेलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याचा किल्ला पडला. २० फेब्रुवारीला आष्टीला बापू गोखले पडले, आणि त्यांच्याबरोबर पेशव्यांची लढणारी फौजही संपल्यात जमा झाली.

आणि मग २७ फेब्रुवारी, थाळनेर. आपल्या पाठ्यपुस्तकात हे नव्हतं. तापीकाठचा हा किल्ला होळकरांचा, तहात गेलेला. किल्लेदार तुळशीराम मामा. सर थॉमस हिस्लॉपची फौज आली तेव्हा किल्ल्यातून गोळीबार झाला. दरवाजे उघडले, बोलणी चालू आहेत की संपली आहेत याचा गोंधळ झाला, आत शिरलेले काही इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर आतली जवळजवळ सगळी शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. स्वतःच्या धन्याने किल्ला लिहून दिला असताना तू लढलास, म्हणजे तू सैनिक नव्हेस, बंडखोर आहेस, असा त्यामागचा युक्तिवाद. हे कृत्य इंग्लंडमध्येही पुष्कळांना पचलं नाही, पार्लमेंटात त्यावर बोललं गेलं. पण ते नंतर. आपल्या डोंगरांत बातमी पोहोचायला पार्लमेंटची गरज नव्हती.

थाळनेरनंतर सुमारे पाच आठवड्यांनी लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल अनकाईखाली उभा राहिला.

आता वर उभं राहून बघा. तळ्यात पाणी आहे. पायऱ्यांची वाट अजून तशीच अवघड आहे. पण पुण्यात कुणी नाही, साताऱ्यावर दुसऱ्यांचा झेंडा आहे, होळकरांनी सही केली आहे, बाजीराव कुठल्या जंगलात आहे ते त्यालाही धड ठाऊक नसेल. दोन महिने किल्ला लढवायचा तो कुणीतरी सोडवायला येईल म्हणून. इथे दक्षिणेच्या माळावरून कोण येणार होतं? येवल्याचं चार वर्षांचं एक पोर त्या वेळी पेशव्यांच्या आश्रितांत होतं, पुढे ब्रह्मावर्ताला गेलं. ते तात्या टोपे म्हणून परत लढायला उभं राहायला अजून चाळीस वर्षं होती.

इथे लेख संपवला असता तर मला बरं वाटलं असतं. किल्लेदार शहाणा ठरला असता, पर्यायाने मीही. पण तारखा लावायला घेतल्या की मध्येच थांबता येत नाही.

अनकाईनंतर मॅकडॉवेल राजधेरवर गेला. तेच डोंगर, तीच फौज, तोच एप्रिल. राजधेरने किल्ला द्यायला नकार दिला. तोफा चालल्या, वर आग लागली, शिबंदी रात्रीतून निसटली. मग त्र्यंबक. त्र्यंबकही लढला. एप्रिल संपायच्या आत तोही पडला आणि त्यानंतर जिल्ह्यातले सतरा किल्ले भराभर खाली झाले. मग मालेगाव. तिथे अरबांनी मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, जवळजवळ महिनाभर, किल्ला लढवला. इंग्रजांची दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. ३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, तरी मालेगाव आणखी दहा दिवस लढत होतं. म्हणजे सोडवायला कुणी येणार नाही हे माहीत असूनही लढलेली माणसं होती, आणि ती आपल्यापासून एका दिवसाच्या घोडदौडीवर होती. त्या आधीच्या व्यवहारात एक बारीक गोष्ट आहे. अरबांना त्यांची थकबाकी चुकती करून मायदेशी पाठवायची तयारी इंग्रजांनी दाखवली होती. थकबाकी हा शब्द वाचला तेव्हा मी तो नुसता वाचला आणि पुढे गेले.

गणपतीच्या सुट्टीत मी सरांना फोन केला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, आवाज तसाच. मी म्हटलं, “सर, अनकाईचा गृहपाठ द्यायचाय.” त्यांना ओळख पटायला वेळ लागला नाही, प्रश्न मात्र आठवायला लागला. मी सगळं सांगितलं. महिदपूर, मंदसौर, थाळनेर, राजधेर. ते मध्ये मध्ये हुंकार भरत होते. शेवटी म्हणाले, “चांगलं केलंस. तुमच्या वर्गातून एकानेच लिहून आणलं होतं.”

मला वाटलं आपल्या हुशार टोळीपैकी कोणी असेल. नव्हतं. शेवटच्या बाकावर बसणारा आपला मित्र. नाव लिहू नको असं त्याने बजावलं आहे, पण तुम्ही ओळखाल. दप्तराला रेशमाचे धागे चिकटलेले असायचे आणि आपण त्यावरून त्याला चिडवायचो. वहीचं अर्धं पान फाडून त्याने एक ओळ लिहून आणली होती: ‘किल्लेदाराच्या माणसांचा पगार थकला असेल आणि आता तो द्यायला कोणी उरलं नसेल.’

“मी पाचपैकी पाच दिले,” सर म्हणाले. “वर्गात वाचून दाखवणार होतो. पण त्याच आठवड्यात तो यायचा बंद झाला. मग राहून गेलं.”

तो का यायचा बंद झाला हे आपल्याला तेव्हाही माहीत होतं. दुष्काळाचं वर्ष, पैठणीला गिऱ्हाईक नाही, वडील मागावर आणि हा कांड्या भरायला. आपण चार दिवस त्याची रिकामी जागा पाहिली, पाचव्या दिवशी तिथे दुसरं कोणी बसलं.

मी त्याला शोधून फोन केला. आता त्याचे स्वतःचे तीन माग आहेत, मुलगी फार्मसीला आहे. मी त्याची ओळ त्याला वाचून दाखवली तर तो हसायला लागला. “असं लिहिलं होतं मी? असेल. तेव्हा घरात दुसरा विषयच नव्हता. व्यापाऱ्याकडे बाबांची चार महिन्यांची मजुरी अडकलेली. आई रोज विचारायची, बाबा रोज म्हणायचे, बघू.” मग थोडं थांबून, “तू काय लिहिलं होतंस?”

मी म्हटलं, काहीच नाही. तोंडी म्हणाले होते, घाबरट होता म्हणून.

“हां, ते आठवतंय मला,” तो म्हणाला.

एवढंच. पुढे आम्ही मुलींच्या ॲडमिशनबद्दल बोललो.

सर, माझं उत्तर वर दिलं आहे. त्यात थाळनेर आहे, मंदसौर आहे, तारखा बरोबर आहेत, एकदा तपासून घ्याव्यात. पण त्या फोननंतर मी ते पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की माझ्या उत्तरात किल्लेदार आहे, आणि त्याच्याबरोबर पायऱ्या उतरून गेलेली माणसं कुठेच नाहीत. राजे आहेत, सेनापती आहेत, तह आहेत. ज्यांच्या घरी कोणीतरी रोज ‘आले का पैसे’ विचारत असेल ते नाहीत. माझ्या विभागातल्या अकरांपैकी सात जणांना नोकरी लागली आहे, चार जणांशी मी अजून बोललेले नाही.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, ज्यांना यायचं आहे त्यांनी अनकाईला चलावं. सकाळी सहाला शाळेच्या फाटकापासून निघू. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, चांगली पकड असलेले बूट. भाकरी घरची आणि वानरांपासून सांभाळून. लेणी आधी बघायची, घाई न करता; या वेळी बर्जेसबद्दल मी सांगेन. सर म्हणाले आहेत, खिंडीपर्यंत येईन, पुढचं तुम्ही बघा. आपला शेवटच्या बाकावरचा मित्र येतोय. त्याच्या गाडीत दोघांची जागा आहे.